भजन, गाणं, गिटार रेकॉर्ड करायचंय? माईक घेण्याआधी हे वाचा

वाशिम : आपल्या जिल्ह्यात गाण्याची कमी नाही. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची खंजिरी भजनं, वारकऱ्यांचे अभंग, भीमगीतं, तांड्यावरची लेंगी, जात्यावरच्या ओव्या, सगळं आहे. आता गिटार घेऊन गाणारी पोरंही गावागावात दिसतात. मोबाईल हाती असल्यानं रेकॉर्डिंग सगळेच करतात. पण नंतर ऐकलं की आवाज विहिरीतून आल्यासारखा वाटतो. मग माईक घ्यायचं ठरते आणि तिथंच गोंधळ सुरू होतो.

आधी माझी चूक सांगतो. आमच्या भजनी मंडळात एक काका होते. वय सत्तरच्या पुढं, पण आवाज खणखणीत. त्यांची भजनं नीट रेकॉर्ड करावी म्हणून मी ऑनलाईन एक कंडेन्सर माईक मागवला. मोबाईलला जोडला तर आवाजच नाही. त्याला वेगळी वीज लागते हे तेव्हा समजलं. मग डबा मागवला. रेकॉर्डिंग केलं टिनाच्या सभामंडपात, भर दुपारी, सोयाबीन काढणीच्या दिवसात. माईकनं पंखा पकडला, तापून कडकड वाजणारं टिन पकडलं, दूरच्या वावरातलं थ्रेशरही पकडलं. पुढच्या वर्षी काका गेले. त्यांचं तेवढंच रेकॉर्डिंग आमच्याजवळ आहे. त्यात काका कमी अन् थ्रेशर जास्त ऐकू येते.

माईक खराब नव्हता, जागेला चुकीचा होता. बियाणं जमीन पाहून घेतो, तसा माईक जागा पाहून घ्यावा.

माईकचे दोन मुख्य प्रकार

डायनॅमिक : यात लोहचुंबक आणि तारेची बारीक गुंडाळी असते. वेगळी वीज लागत नाही, दणकट असतो. मंडळाच्या साऊंड सेटसोबत येणारा हाती धरायचा माईक बहुतेक हाच असतो. जगभर गाजलेला शुअर कंपनीचा एसएम ५८ हा १९६६ पासून बाजारात आहे, तोही डायनॅमिकच. त्याचा भाऊ एसएम ५७ वाद्यांसाठी जास्त वापरतात. जवळचा आवाज चांगला घेतो, दूरचा कमी. आपल्या गावात हाच त्याचा मोठा गुण.

कंडेन्सर : यात अतिशय पातळ पडदा असतो. तारेवरून बोट सरकलेलंही ऐकू येते, म्हणून गिटारला आणि नाजूक आवाजाला छान. पण खोलीचा घुमारा, पंखा, कुत्रं, मोटार, सगळंच घेतो. स्टुडिओतल्या कंडेन्सरला ४८ व्होल्टचा पुरवठा लागतो. त्याला ‘फँटम पॉवर’ म्हणतात. तो मिक्सर किंवा साऊंड कार्डातून मिळतो, मोबाईलमधून नाही. यूएसबी कंडेन्सर मात्र मोबाईल किंवा लॅपटॉपवरच चालतो. शर्टाला लावायचा कॉलर माईकही याच जातीतला, पण त्याला इतका पुरवठा लागत नाही.

माईक कोणत्या बाजूनं ऐकतो?

खोक्यावर ‘कार्डिऑइड’ लिहिलं असेल तर तो समोरून चांगलं ऐकतो, पाठीमागून फार कमी. म्हणून माईकची पाठ गोंगाटाकडे करायची. ‘ओम्नी’ असेल तर चारी बाजूंनी सारखंच ऐकतो. तारेचे स्वस्त कॉलर माईक बहुतेक ओम्नी असतात.

कोणी कोणता घ्यावा?

- एकटा गाणारा, पैसे कमी : तारेचा कॉलर माईक. हजाराच्या आतबाहेर मिळतो. हनुवटीच्या खाली एक वीत लावा. फोनला गोल जॅक नसेल तर टाईप-सीचं कनेक्टर लागेल.
- आजूबाजूला गोंगाट, घर रस्त्यावर : डायनॅमिक माईक, कॅनन केबल, स्टँड आणि लहान साऊंड कार्ड. मंडळाचा माईक चांगला असेल तर नवीन घेऊच नका, फक्त साऊंड कार्ड घ्या.
- आवाज आणि गिटार, खोली शांत : कंडेन्सर. एकच माईक असेल तर दोन वीत लांब, छातीच्या उंचीवर ठेवा. आवाज दबला तर माईक वर घ्या, गिटार दबली तर खाली.
- दोन माईक घेता येत असतील तर : आवाजाला डायनॅमिक, गिटारला कंडेन्सर. साऊंड कार्डात माईकच्या दोन जागा आहेत का ते घेण्याआधी पाहा. काही लहान कार्डांत एकच असते.
- यूएसबी माईक : थेट जोडता येतो, पण काही मोबाईल त्याला पुरेशी वीज देत नाहीत. दुकानात आपलाच फोन लावून पाहा.

नावाजलेल्या माईकची हुबेहूब नक्कल बाजारात भरपूर आहे. दहा हजाराच्या आसपासचा माईक कोणी दोन हजारात देत असेल तर थांबा. पक्कं बिल घ्या.

एक वीत अंतर

गाणाऱ्याचं तोंड आणि माईक यात एक वीत अंतर पुरते. अंतर दुप्पट केलं की तोंडातून येणाऱ्या आवाजाचा जोर माईकजवळ साधारण निम्मा होतो, पण खोलीचा घुमारा तेवढाच राहतो. विहिरीतून आल्यासारखा आवाज येतो तो यामुळंच. उलट कार्डिऑइड माईक ओठाला चिकटवला तर आवाज जाड, घुमट होतो. प, फ, भ म्हणताना फट् आवाज येत असेल तर माईक थोडा बाजूला तिरपा करा.

गिटारच्या भोकासमोर माईक नको, तिथं नुसतं घुमते. दांडी जिथं पोटाला मिळते, बाराव्या फ्रेटच्या आसपास, तिथं वीत-दीड वीत अंतरावर धरा. पेटीला भात्याच्या बाजूनं लावू नका, वारा लागतो. खंजिरीवाल्यानं दोन-तीन हात मागं बसावं, नाहीतर झांजा गाणाऱ्याला झाकून टाकतात.

खोली कोणती?

टिनाचं शेड, फरशीचा सभामंडप, रिकामी नवी खोली टाळा. भिंतीशी सोयाबीन-तुरीची पोती रचलेली खोली उत्तम. ती नसेल तर गाणाऱ्याच्या पाठीमागं दोरीवर दोन जाड गोधड्या टाका, खाली सतरंजी. माईकचं तोंड गाणाऱ्याकडे असते, म्हणून त्याच्या मागची भिंत झाकणं जास्त कामाचं.

रेकॉर्ड करताना

- पंखा, फ्रिज बंद. फोन विमान मोडवर.
- चार्जर लावून घूं घूं येत असेल तर फोन बॅटरीवर चालवा.
- आवाजाची पट्टी लाल रंगाला लागू देऊ नका. फाटलेला आवाज नंतर नीट होत नाही.
- आधी एक मिनिट रेकॉर्ड करून इअरफोननं ऐका. मी हेच केलं नव्हतं.
- जमलं तर डब्ल्यूएव्ही फाईल ठेवा. व्हॉट्सअॅपवर पाठवताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. प्रत दोन ठिकाणी ठेवा.

हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्रातल्या हजारावर गावांतून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्यातल्या कितीतरी ओव्या गाणाऱ्या बायांच्या आवाजात ‘पारी’ या संकेतस्थळावर आज ऐकता येतात. आता गिरणी आली, जातं कोपऱ्यात गेलं, तरी आवाज राहिला. कारण कोणीतरी वेळेवर रेकॉर्ड केला.

तुमच्या गावातही अशा ओव्या, अशी भजनं येणारी दोन-चार माणसं असतील. माईक यायची वाट पाहू नका. मोबाईलच एक वीत अंतरावर ठेवा, पंखा बंद करा, मागं गोधडी टाका आणि याच आठवड्यात त्यांच्याजवळ जाऊन बसा. गाणं झालं की त्यांचं नाव, गाव आणि हे गाणं कोणाकडून शिकले, तेही त्यांच्याच तोंडून रेकॉर्ड करून घ्या.