अम्लपित्ताचा पूर्वेतिहास

मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यातून १९३८ साली एक संस्कृत ग्रंथ बाहेर पडला. नेपाळात जपून राहिलेल्या आणि जागोजाग खंडित झालेल्या ताडपत्रांच्या पोथीवरून सिद्ध केलेली ती काश्यपसंहिता होय. नेपाळचे राजगुरू पंडित हेमराज शर्मा यांनी तिला विस्तृत उपोद्घात जोडला, आणि ज्यांनी आपले आयुष्य आयुर्वेदाच्या जुन्या संहिता शुद्ध करून छापण्यात वेचले त्या वैद्य यादवजी त्रिकमजी आचार्यांनी तिच्या संपादनाला हातभार लावला. ग्रंथ मुख्यत्वे बालकांचा व प्रसूतांचा आहे. तथापि त्याच्या अखेरच्या खिलस्थानात, म्हणजे पुरवणीच्या भागात, अम्लपित्तावर एक स्वतंत्र अध्याय आहे, आणि छातीतील जळजळीने मध्यरात्री अंथरुणात उठून बसणाऱ्या कोणाही मराठी माणसाने तो एकदा नजरेखालून घालावा इतका तो आपल्या जवळचा आहे.

काश्यपाने दिलेली कारणांची यादी पाहावी. पहिले जेवण जिरले नसता त्यावर दुसरे जेवण, परस्परविरुद्ध पदार्थ, पिठाचे जड अन्न, मद्य, उसाच्या रसाचे प्रकार, शिळे अन्न, मलमूत्रादिकांचे वेग अडविणे, जेवून जेवून दिवसा निजणे, आणि या सर्वांच्या ओळीत कुळीथ व पोहे! ज्या प्रांतात कुळथाचे पिठले आणि पोह्यांचा फराळ हा घरोघरचा नित्यक्रम आहे, त्या प्रांताच्या वाचकाला ही नावे तेथे भेटल्यावर थबकायला होते. असे वागणाऱ्याच्या जठरात पडलेले अन्न, दह्याच्या मडक्यात ओतलेल्या दुधाप्रमाणे, पडताच आंबते, असा दृष्टान्त तो देतो. त्याहून महत्त्वाचा त्याचा भूगोल आहे. हा रोग बहुधा आनूप देशात, म्हणजे जेथे पाणी मुबलक, हवा दमट आणि झाडी दाट अशा भूमीत होतो, म्हणून त्यावर जांगल म्हणजे कोरड्या प्रदेशातील औषधे योजावी, आणि तेवढ्यानेही उपशम न पडेल तर रोग्याने तो देशच सोडावा, असे तो सांगतो. आपले कोकण हे वैद्यांच्या परिभाषेत आनूपच होय. रोग्याच्या तक्रारीचा विचार करताना त्याचे ताट, त्याची झोप आणि त्याच्या गावची हवा या तिहींची चौकशी करणारा हा वैद्य मला फार मोठा वाटतो.

या रोगाला स्वतंत्र आसन मात्र क्रमाक्रमाने मिळाले. चरकसंहितेत अम्लपित्ताचा निराळा अध्याय नाही. ग्रहणीरोगाच्या विवेचनात, न पचलेले अन्न विषासमान होऊन जे विकार उत्पन्न करते त्यांत त्याचा उल्लेख येऊन जातो, इतकेच. पुढे माधवकराने रोगनिदानावर जो ग्रंथ रचला, आणि जो माधवनिदान या नावाने शतकानुशतके वैद्यविद्यार्थ्यांच्या पाठात राहिला, त्यात अम्लपित्ताचे प्रकरण रीतसर दाखल झाले. अन्न न पचणे, कष्टावाचून येणारी ग्लानी, मळमळ, कडू व आंबट ढेकर, अंगाचे जडपण, हृदयात व कंठात दाह आणि अन्नावरची वासना उडणे, ही त्याने नोंदविलेली लक्षणे आजच्या कोणत्याही डॉक्टरने रोग्याच्या तोंडून ऐकून कागदावर उतरून घ्यावी अशी आहेत. अन्न जिरत असताना उठणारा परिणामशूल त्याने या रोगापासून वेगळा मांडला, ही गोष्टही लहान नव्हे. कारण आजचे वैद्यक ज्याला लहान आतड्याच्या आरंभीचा व्रण म्हणते, त्याची वेदना जेवणानंतर काही काळाने उठते, आणि केवळ वेळेच्या निरीक्षणावरून हे दोन रोग वेगळे ओळखणे हे डोळस माणसाचेच काम आहे.

माधवकराच्या काळानंतर आपल्या स्वयंपाकघरात दोन मोठे पाहुणे आले आणि कायमचे वतनदार झाले. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या गलबतांतून गोव्यास मिरची उतरली, व तोपर्यंत मिरे आणि पिंपळी यांवर चाललेला आपला तिखटपणा तिने बघता बघता ताब्यात घेतला. पुढे इंग्रजी अमदानीत चहा आला, आणि सकाळी अनशेपोटी तो घेण्याची सवय शहरांतून खेड्यांत पसरली. या दोहोंपैकी एकही प्राचीन निदानकारांच्या यादीत असणे शक्य नव्हते, आणि आज कोणीही वैद्य पथ्याची सुरुवात या दोन नावांवाचून करीत नाही.

औषधांच्या बाबतीत महाराष्ट्रातील वैद्यांचा मोठा आधार म्हणजे योगरत्नाकर हा संग्रहग्रंथ, आणि त्यातल्या अम्लपित्ताच्या प्रकरणातील सूतशेखर. या एका औषधाच्या पाठात वैद्यकाचा केवढा अनुभव साठलेला आहे! शुद्ध पारद आणि गंधक खलात एकत्र घोटायचे, ते इतके की पाऱ्याचा एकही कण चमकता दिसू नये आणि खलात केवळ काळीभोर कज्जली उरावी. मग तीत सुवर्णभस्म, ताम्रभस्म, टंकण, शोधलेला बचनाग, सुंठ, मिरे, पिंपळी, शोधलेले धोत्र्याचे बी, दालचिनी, तमालपत्र, वेलदोडा, नागकेशर, शंखभस्म, बेलफळाचा मगज आणि कचोरा घालून माक्याच्या रसाच्या भावना द्यायच्या, म्हणजे तो रस घालून पुन्हा पुन्हा घोटायचे. बत्ता फिरत असता हिरवा रस आटत जातो, चूर्ण जड होत जाते, आणि शेवटी बोटांवर वळता येईल अशा लगद्याच्या गुंजेएवढ्या गोळ्या होतात. यातील शंख म्हणजे रसायनशास्त्राच्या दृष्टीने चुन्याचेच रूप, आम्ल मारणारे. आणि धोत्र्याच्या बियांत जे द्रव्य असते त्याच्याच जातीचे द्रव्य बेलाडोनातून काढून युरोपातील डॉक्टर विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत जठराच्या रोग्यांना देत होते. कामदुधा या दुसऱ्या औषधाचा पाठही असाच बोलका आहे: मोती, पोवळे, मोत्याची शिंप, कवडी, शंख, सोनकाव आणि गुळवेलीचे सत्त्व. समुद्राने जी जी कवचे किनाऱ्यावर टाकली ती ती या वैद्यांनी उचलून जाळून, घोटून पाहिली, असेच वाटते. मात्र पारा, बचनाग व धोत्रा ज्यात आहेत अशी औषधे जाणत्या वैद्याच्या देखरेखीवाचून कोणी घेऊ नयेत, हे येथेच स्पष्ट सांगून ठेवतो.

युरोपातही हीच वाट होती. तेथील जुन्या औषधालयांत खडू असे, शिंपल्यांचे चूर्ण असे, आणि खेकड्याचे डोळे या नावाने गोड्या पाण्यातील शेवंड्याच्या जठरातील चुनखडीचे खडे विकले जात. परंतु जठरात आम्ल आहे तरी कोणते, याचा तपास तेथे अठराव्या शतकात जिद्दीने सुरू झाला. फ्रान्सच्या रेओम्यूरने १७५२ च्या सुमारास एका घारीस धातूच्या नळीत मांस घालून गिळायला लाविले व नळी बाहेर पडल्यावर आतील मांस विरघळलेले पाहिले. इटलीच्या स्पालान्झानीने अन्न भरलेल्या कापडी पिशव्या स्वतः गिळून आपल्याच देहावर प्रयोग केले. पुढे १८२३ साली विल्यम प्राउट या इंग्रज डॉक्टराने लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे असे सिद्ध करून दाखविले की, जठरातील हे आम्ल म्हणजे मिठापासून निघणारे हायड्रोक्लोरिक आम्ल होय.

याच सुमारास अमेरिकेत जे घडले ते वैद्यकाच्या इतिहासात अपूर्व आहे, आणि माझ्या मते तितकेच दुःखद. ६ जून १८२२ रोजी मॅकिनॅक बेटावरील एका फरव्यापारी कंपनीच्या दुकानात जवळून बंदूक उडाली, आणि अॅलेक्सिस सेंट मार्टिन या कॅनडियन तरुण नावाड्याच्या डाव्या कुशीत मोठी जखम झाली. तो जगेल अशी आशा कोणाला नव्हती. त्या बेटावरील किल्ल्याचे लष्करी डॉक्टर विल्यम बोमाँट यांनी त्याची शुश्रूषा केली आणि तो वाचला, पण जठराचे छिद्र कुशीच्या कातडीला चिकटून उघडेच राहिले. या छिद्रातून जठराच्या आत पाहता येते, हे बोमाँटच्या ध्यानी आले. १ ऑगस्ट १८२५ रोजी दुपारी १२ वाजता त्याने मांसाचे निरनिराळे तुकडे, शिळा पाव आणि कच्ची कोबी रेशमी दोऱ्याला बांधून त्या छिद्रातून जठरात सोडली. १ वाजता दोरा ओढून पाहिले तर कोबी व पाव सुमारे अर्धे विरले होते, आणि २ वाजता दोऱ्यावरून कोबी, पाव व मांसाचे काही तुकडे नाहीसे झाले होते. जठराची ऊब, रस स्रवण्याची वेळ, रागाच्या क्षणी पचनात पडणारा फरक, हे सर्व त्याने वर्षानुवर्षे टिपून १८३३ साली ग्रंथरूपाने छापले. दुसरीकडे, १८३२ च्या करारनाम्याने सेंट मार्टिनला वर्षाला १५० डॉलर आणि अन्नवस्त्र एवढ्यावर आपले शरीर प्रयोगास देणे भाग पडले. तो अधूनमधून पळून घरी जाई, आणि दारिद्र्य त्याला परत आणी. १८८० साली तो वारला तेव्हा कुटुंबीयांनी त्याचा देह मुद्दाम नासू दिला आणि मगच पुरला, म्हणजे डॉक्टरांनी तो उकरून नेऊ नये. पचनाविषयीच्या आपल्या ज्ञानात या गरीब माणसाचा वाटा डॉक्टरांइतकाच आहे, आणि ग्रंथांच्या मुखपृष्ठावर तो कधी आला नाही.

इकडे मुंबईत १८४५ साली ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले, व तेथून बाहेर पडणाऱ्या डॉक्टरांबरोबर सोडा आणि मॅग्नेशिया यांची पांढरी औषधे या इलाख्यात रुजली. उलट १८७२ साली पनवेलीस वैद्य कृष्णशास्त्री पुराणिक यांनी धूतपापेश्वराच्या नावाने औषधांचा कारखाना काढला, आणि तोपर्यंत वैद्याच्या ओसरीवर खलात होणाऱ्या औषधांना बाटली, चिठ्ठी व ठराविक मोल प्राप्त झाले. १९०७ साली नाशिकला शंकर दाजीशास्त्री पदे यांनी आयुर्वेदीयांचे संमेलन भरविले, त्यामागे हीच ईर्ष्या होती की आपली विद्या या नव्या स्पर्धेत मागे पडू नये. या उभयपक्षी चळवळीने औषध गावोगाव पोहोचले, हा मोठा लाभ झाला. पण त्याच वेळी वैद्याला भेटल्यावाचून केवळ औषध विकत घेण्याची सवय लागली, आणि ताट, झोप, हवा यांची ती जुनी चौकशी हळूहळू बाजूला पडली. ही हानी मी लहान समजत नाही.

छातीतील जळजळ ही अन्ननलिकेत वर चढणाऱ्या जठररसाची करणी आहे, हे ध्यानात यायला मात्र विसावे शतक उजाडावे लागले. न्यूयॉर्कच्या अॅशर विंकेलस्टाइन यांनी १९३५ साली असे रोगी वर्णिले की ज्यांची अन्ननलिका जठरातील आम्लाने व पाचक रसाने सुजली होती. जठर व अन्ननलिका यांच्या सांध्यावर स्नायूंचा जो वेढा असतो तो अवेळी सैल पडला, किंवा पोटाचा भार वाढून त्यावर दाब आला, की जठरातील द्रव्य वर येते. जठराला आम्ल सोसण्याचे अस्तर निसर्गाने दिले आहे, अन्ननलिकेला ते नाही. गर्भिणीला, लठ्ठ माणसाला आणि पोटभर जेवून लगेच आडवे होणाऱ्याला हा त्रास का होतो, याचा उलगडा यातच आहे. त्याआधी शिकागोच्या बर्ट्रम सिप्पी यांनी १९१५ साली तासातासाला दूध, साय आणि क्षार देण्याची पद्धत घातली, व ती कित्येक दशके सर्वत्र मान्य होती. आपल्याकडे थंड दुधाचा पेला घेण्याची रीत अजून आहे. त्याने घटकाभर बरे वाटते खरे, परंतु दुधानेच पुढे आम्लाचा स्राव वाढतो हे नंतरच्या प्रयोगांनी दाखविले.

त्यानंतरची प्रगती वेगाची आहे. १९७६ साली जेम्स ब्लॅक यांच्या संशोधनातून सिमेटिडिन हे औषध इंग्लंडात विक्रीस आले, आणि १९८८ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच वर्षी स्वीडनमधून ओमेप्राझोल बाजारात आले, जे जठराच्या पेशीतून आम्ल बाहेर टाकणारी यंत्रणाच बंद करते. ऑस्ट्रेलियाच्या पर्थ येथे रॉबिन वॉरेन व बॅरी मार्शल यांनी जठरव्रणाच्या मुळाशी बहुधा एक जंतू असतो हे दाखविले, व त्यांना २००५ साली तोच मान लाभला. या औषधांनी असंख्य माणसे शस्त्रक्रियेपासून वाचली. परंतु ओमेप्राझोलसारखी गोळी महिनोन्‌महिने घेऊन एकाएकी थांबविली असता आम्ल काही काळ अधिक जोराने स्रवते, आणि रोगी घाबरून पुन्हा तिच्याकडे वळतो, हेही दिसून आले आहे.

कित्येक अभिमानी लेखक असे लिहितात की, आपल्या ऋषींना हायड्रोक्लोरिक आम्ल ठाऊकच होते, त्याचेच नाव पित्त. मला हे मान्य नाही. पित्त ही संपूर्ण देहाचा विचार करणारी एक उपपत्ती आहे आणि प्राउटने शोधिले ते एक द्रव्य आहे. दोहोंना एक म्हणण्याने दोहोंचाही अपमान होतो. काश्यपाचे व माधवकराचे मोठेपण त्यांच्या निरीक्षणात आहे, आणि ते आजही खोटे ठरलेले नाही. जेवून लगेच निजू नये, रात्रीचे जेवण व झोप यांत दोन-तीन तासांचे अंतर ठेवावे, अंथरुणाची उशाकडील बाजू उंच करावी, वजन आटोक्यात आणावे, हे आजच्या डॉक्टरांचे सांगणे प्रयोगांवर उभे आहे, आणि त्यातला पहिला नियम तर जुन्या संहितेत शब्दशः नसला तरी भावशः आहेच.

माधवकराने आपल्या प्रकरणात असेही सांगून ठेविले आहे की, हा रोग नवा असता यत्नाने बरा होतो, जुना झाला की केवळ आवरून धरता येतो. तेव्हा वाचकांना माझी विनंती इतकीच की, जळजळ आठवड्यामागून आठवडे टिकत असेल तर दुकानातून गोळ्या आणून ती झाकू नये. घास गिळताना अडत असेल, वजन आपोआप उतरत असेल, रक्ताची उलटी किंवा डांबरासारखे काळे शौच होत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टराकडे जावे; आणि छातीत दुखून घाम सुटला, डाव्या हाताकडे अगर जबड्याकडे कळ गेली, तर पित्त म्हणून घरी वाट पाहत बसू नये, तडक इस्पितळ गाठावे.