राखीव जागेचा खासदार नेमका कोणाचा?

निवडणूक आली की वस्तीत एकच चर्चा होते : उमेदवार आपला आहे का? 'आपला' म्हणजे जातीने आपला, एवढाच अर्थ आपण धरतो. पण महाराष्ट्रातून दिल्लीला गेलेल्या दलित-बौद्ध खासदारांच्या वाटचाली १९५२ पासून ओळीने तपासल्या, तर वेगळेच चित्र दिसते. खासदाराची जात त्याला जागेवर उभे राहण्याची पात्रता देते. तो सभागृहात कोणासाठी बोलेल, हे त्याला तिकीट कोणी दिले आणि निवडून कोणी आणले यावर ठरते.

सुरुवात बाबासाहेबांच्या पराभवापासूनच करावी लागते. १९५२ मध्ये उत्तर मुंबईच्या द्विसदस्य मतदारसंघात बाबासाहेब शेड्युल्ड कास्ट फेडरेशनतर्फे उभे होते. प्रत्येक मतदाराला दोन मते होती आणि राखीव जागेचा निकाल सर्व समाजाच्या मतांवर लागत होता. काँग्रेसचे नारायणराव काजरोळकर सुमारे साडेचौदा हजार मतांनी निवडून आले. राज्यघटनेचा शिल्पकार हरला आणि राखीव जागा मात्र 'भरली' गेली. १९५४ च्या भंडारा पोटनिवडणुकीत काँग्रेसच्या भाऊराव बोरकरांसमोर तेच घडले. पुणे करारानंतर बाबासाहेब जो धोका सांगत आले, तो त्यांनी स्वतःच्या पराभवातून अनुभवला. जागा अस्पृश्यांची, पण निवड मात्र इतरांची. फेडरेशनच्या कार्यकारिणीने १९५५ मध्ये राखीव जागा रद्द करण्याचा ठराव केला, त्यामागे हा अनुभव होता.

त्याच १९५२ च्या निवडणुकीत सोलापुरातून फेडरेशनचे पां. ना. राजभोज निवडून आले. काजरोळकर आणि राजभोज दोघेही चर्मकार समाजातले. एक काँग्रेसचा उमेदवार, दुसरा काळाराम सत्याग्रहात उतरलेला, फेडरेशनचा सरचिटणीस. जात एकच आणि राजकारण दोन टोकांचे. 'ते अमक्या जातीचे म्हणून काँग्रेसचे' असे सहज बोलणाऱ्या आपल्यातल्या लोकांनी हे उदाहरण लक्षात ठेवावे. पुढे राजभोजही काँग्रेसमध्ये गेले, हेही तितकेच खरे.

१९५७ हे आपल्या संसदीय इतिहासातले सोनेरी वर्ष. संयुक्त महाराष्ट्र समितीत फेडरेशन घटक पक्ष होता. नाशिकच्या सर्वसाधारण जागेवरून कर्मवीर दादासाहेब गायकवाड लोकसभेत गेले. बी. सी. कांबळे कोपरगावातून गेले. मध्य मुंबईत कॉम्रेड डांगे यांच्याबरोबर गो. का. माने निवडून आले. या माणसांची कारकीर्द तिकिटापासून सुरू झालेली नव्हती. दादासाहेबांच्या मागे काळारामचा लढा होता, आणि खासदार असतानाच १९५९ मध्ये त्यांनी भूमिहीनांचा सत्याग्रह उभा केला. संसद आणि रस्ता अशा दोन वाटा त्यांच्या लेखी नव्हत्याच.

पण हे यश आघाडीच्या बळावर उभे होते. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र झाला आणि समितीचे कार्य संपले. १९६२ मध्ये रिपब्लिकन पक्षाचे लोकसभेत तीन खासदार आले, ते तिन्ही उत्तर प्रदेशातून. ज्या महाराष्ट्रात पक्ष जन्मला, तिथून एकही नाही. त्यानंतर गट पडत गेले आणि नेते काँग्रेसच्या वाटेला लागले. रा. धों. भंडारे रिपब्लिकन पक्षातून काँग्रेसमध्ये गेले, मुंबईतून खासदार झाले आणि पुढे बिहारचे राज्यपालही झाले. व्यक्तीची कारकीर्द वाढत गेली, पक्ष मात्र झिजत गेला.

इथे एक कायदेशीर गोष्ट तरुण कार्यकर्त्यांना अनेकदा ठाऊक नसते. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार हिंदूंनाच अनुसूचित जातीत धरले जात होते. १९५६ मध्ये शिखांचा समावेश झाला, बौद्धांचा नाही. धम्मदीक्षा घेतलेला माणूस बौद्ध म्हणून लोकसभेच्या राखीव जागेवर उभा राहू शकत नव्हता. ही दुरुस्ती व्हायला १९९० साल उजाडले. म्हणजे तब्बल ३४ वर्षे ज्या समाजाने चळवळ पेटती ठेवली, त्यालाच कागदावर धर्म लपवा किंवा राखीव जागा सोडा, असे सांगितले जात होते. राखीव जागांवर स्वाभिमानी माणसे का दिसली नाहीत, या प्रश्नाचे अर्धे उत्तर इथे आहे.

१९९८ मध्ये पुन्हा एकदा दार उघडले. काँग्रेसशी समझोता करून अकोल्यातून प्रकाश आंबेडकर, अमरावतीतून रा. सू. गवई, चिमूरमधून जोगेंद्र कवाडे आणि उत्तर-मध्य मुंबईतून रामदास आठवले निवडून आले. चारही जागा सर्वसाधारण. कवाडे नामांतराच्या लाँग मार्चमधून आलेले, आठवले पँथरमधून, तर गवई विधान परिषदेच्या सभापतिपदापर्यंत पोहोचलेले. एकत्र राहिलो तर सर्वसाधारण जागाही जिंकता येते, हे सिद्ध झाले. लोकसभा वर्षभरातच बरखास्त झाली आणि चौघांचे ऐक्यही टिकले नाही.

आता आजचे पाहू. महाराष्ट्रातल्या ४८ पैकी ५ जागा अनुसूचित जातींसाठी राखीव आहेत : रामटेक, अमरावती, लातूर, सोलापूर आणि शिर्डी. २०२४ मध्ये 'संविधान वाचवा' या हाकेवर आपण भरभरून मते दिली. या पाचपैकी चार जागा काँग्रेसला मिळाल्या, तर एक शिवसेनेच्या ठाकरे गटाला. आंबेडकरी पक्षाचा एकही उमेदवार निवडून आला नाही. सोलापुरात प्रणिती शिंदे जिंकल्या. त्यांचे वडील सुशीलकुमार शिंदे कोर्टातल्या शिपायापासून केंद्रीय गृहमंत्रिपदापर्यंत गेले. त्या कष्टांचा आदर आहेच, पण दुसऱ्या पिढीला पायरी तयार मिळते. वर्षा गायकवाड सर्वसाधारण जागेवरून जिंकल्या, ही आनंदाची बाब. त्यांचे वडील एकनाथ गायकवाडही खासदार होते. म्हणजे सर्वसाधारण जागा मिळाली, तरी दाराची किल्ली पक्षाकडेच राहते.

म्हणून राखीव जागा नकोत, असे म्हणण्याची ही वेळ नाही. त्या गेल्या तर उरलेला आवाजही जाईल. प्रश्न खासदाराला समाजाशी बांधून ठेवण्याचा आहे, आणि ते काम निवडणुकीच्या पंधरा दिवसांत होत नाही. आपल्या खासदाराने सभागृहात कोणते प्रश्न विचारले, याची नोंद लोकसभेच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते. प्रत्येक तालुक्यातल्या अभ्यास मंडळाने ती दर अधिवेशनानंतर काढावी. शिष्यवृत्ती, अ‍ॅट्रॉसिटीचे खटले, अनुसूचित जातींसाठीचा निधी यांवर तो किती वेळा बोलला, हे विहारात जाहीर वाचून दाखवावे. उमेदवारी मागायला येणाऱ्याला विचारावे : तिकीट मिळण्याआधी तू कोणत्या लढ्यात होतास?

दादासाहेबांकडे या प्रश्नाचे उत्तर होते. ज्याच्याकडे ते नसेल, त्याच्या नावामागची जात पाहून मत देणे आता पुरे.

जय भीम!