आखाड्याची माती

पांढुर्ण्याचे नाव काढले की परगावच्या माणसाला पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीवर होणारी गोटमार आणि त्यात फुटणारी डोकी आठवतात. पण अंग मोडून न घेता बळ कमवायची एक जुनी शिस्त याच मुलखाच्या ओळखीची आहे, हे आपणही विसरत चाललो आहोत. ती शिस्त आखाड्याची.

आखाड्यात पहिले काम माती खणण्याचे. नव्या पोराच्या हाती आधी फावडे येई. आपण त्याला सेवा समजत आलो. पण खणताना पाठ, खांदे, पोटऱ्या तापत आणि पडणाऱ्यासाठी मऊ जागाही तयार होई. काळी माती वाळली की दगड होते, म्हणून तांबडी माती चाळून तीत तेल, ताक, हळद घालायची. जोर-बैठका थोड्या थोड्या वाढवायच्या. जोड लावताना वस्ताद वजन आणि तयारी पाहत असे.

मल्लखांबामागेही हाच विचार दिसतो. बाराव्या शतकातल्या 'मानसोल्लासा'त मल्लस्तंभाचा उल्लेख आहे. पुढे दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधरांनी ही विद्या पुन्हा उभी केली असे मानतात. जे डाव जोडीदारावर घोटले तर त्याची हाडे दुखावतील, ते लाकडावर घोटायचे. खांबाला एरंडेल लावायचे, म्हणजे कातडी सोलत नाही. बडोद्याचे प्रोफेसर माणिकराव तर व्यायामाचे शिक्षक आणि हाडवैद्य दोन्ही होते. हा योग मला फार महत्त्वाचा वाटतो.

आपल्याला जवळचे उदाहरण अमरावतीचे. १९१४ साली वैद्य बंधूंनी तेथे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ स्थापिले. १९३६ मध्ये त्याच्या पथकाने बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय व्यायामाची प्रात्यक्षिके केली. १९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात गेला, आपण मध्यप्रदेशात राहिलो. सीमा आखली गेली, पण सोयरीक आणि बोली तुटली नाही. आखाड्याचा धागा मात्र विरत गेला.

२०१३ मध्ये मध्यप्रदेशाने मल्लखांबाला राज्यखेळाचा मान दिला. आम्हीही हौसेने शाळेच्या अंगणात खांब रोवला. सव्वीस जानेवारी तोंडावर आली होती. खालची जमीन तशीच टणक ठेवून मुलांना चढवले. नववीतला एक मुलगा निसटला, मनगट मोडले. दोष सर्वस्वी माझा. त्याचे वडील रागावले नाहीत, एवढेच म्हणाले, "गुरुजी, आमच्या वेळेस खाली माती राहे." एम.ए.ला इतिहास शिकलेल्या माणसाला हे सुचू नये!

२०२३ मध्ये पांढुर्णा आणि सौसर मिळून नवा जिल्हा झाला. पहाटे डांबरी रस्त्यावर भरतीसाठी धावणारी पोरे दिसतात. काल एक फेरी, आज एकदम पाच. मग नडगी दुखते, तरी गोळी घेऊन धावतातच. दुखणे म्हणजे कमजोरी, असे त्यांना कुणीतरी सांगितलेले असते. हळूहळू अंग तापवा, धाव आठवड्या-आठवड्याने वाढवा, कच्च्या वाटेने पळा, दुखले तर थांबा, हे सांगणारा वस्ताद त्यांना नाही.

आमच्या खांबाखाली आता तांबडी माती आहे. ते मनगट मोडलेले पोर पुढच्या वर्षी माती खणायला सर्वांत आधी आले. फावडी मात्र अजून दोनच आहेत.