ओव्हरऑइलिंग

आमच्या मांजरीत सायकल दुरुस्तीला टाकताना आजोबा म्हणायचे, ‘ओव्हरऑइलिंग करून दे.’ मूळ शब्द ‘ओव्हरहॉलिंग’, म्हणजे सगळं सुटं करून साफ करणं, हे मला इंजिनिअरिंगला गेल्यावर कळलं. तेव्हा त्यांना हसलो होतो. ते गेल्यानंतर मात्र त्यांच्या सायकलच्या चेनवर अर्धी बाटली तेल मीच ओतलं. चार दिवसांत रस्त्याची सगळी धूळ त्या तेलात कालवली गेली आणि चेन करकरायला लागली.

असं का झालं, ते शोधताना 1880 सालापर्यंत पोहोचलो. मूळचा स्वित्झर्लंडचा हान्स रेनॉल्ड इंग्लंडमध्ये मँचेस्टरला साखळ्या बनवत होता. तोवरच्या साखळीत पट्ट्यांच्या पातळ कडा थेट पिनेवर घासत. रेनॉल्डनं पिनेभोवती बुश बसवला, बुशवर फिरता रोलर. भार पिनेच्या बऱ्याच लांबीवर वाटला गेला, झीज कमी झाली. 1885 मध्ये जॉन केम्प स्टार्लीची ‘रोव्हर’ आली. चेन मागचं चाक फिरवू लागली, त्यामुळे पुढच्या अवाढव्य चाकाची गरज संपली.

1888 साली किर्लोस्कर बंधूंनी बेळगावात सायकलचं दुकान काढलं. लक्ष्मणराव मुंबईत शिकवत आणि तिथून सायकली पाठवत. थोरले रामूअण्णा त्या विकत. पुढचे लोखंडी नांगर आणि 1910 ची किर्लोस्करवाडी, सगळं या दुकानानंतरचं.

रेनॉल्डच्या रचनेतच माझ्या चुकीचं उत्तर होतं. तेल हवं ते आत, पिन आणि बुशच्या मध्ये. बाहेर राहिलेलं तेल फक्त धूळ धरतं आणि तो चिखल आत जाऊन पिना घासतो. ‘चेन ताणली’ म्हणतो आपण, पण पोलाद ताणलेलं नसतं. प्रत्येक सांधा थोडा थोडा झिजलेला असतो. अर्ध्या इंचाच्या 24 कड्या बरोबर 12 इंच भरायला हव्यात. एक सूत जास्त भरलं, तर चेन बदलायची.

डिझेलमध्ये ब्रशनं घासून, पुसून, वाळवून मी पट्टी लावली. बारा इंच, एक सूत.

चेन बदलली. नव्या चेनच्या प्रत्येक रोलरवर एकच थेंब सोडला, पॅडल उलटं फिरवलं, थोडा वेळ थांबलो. मग फडकं शोधायला आजोबांची पत्र्याची पेटी उघडली. तेलाच्या बुधलीशेजारी त्यांच्या जुन्या धोतराचा तुकडा होता, काळा मिचकूट. तेल घातल्यावर ते चेन कोरडी दिसेपर्यंत पुसत बसायचे, हे तेव्हा आठवलं. त्यांचा शब्द चुकीचा होता. हात बरोबर होता.