कलम आणि कर्तृत्व

प्राचीन ग्रंथांच्या पाठचिकित्सेविषयी वर्गात बोलताना 'मूळ प्रत' हा शब्द आपण फार सहजपणे वापरतो. या शब्दाकडे पुन्हा पाहण्याची वेळ आमच्यावर आली ती एका सफरचंदामुळे. इंग्लंडमधील नॉटिंगहॅमशायर परगण्यात स्थायिक झालेल्या आमच्या एका माजी विद्यार्थिनीने विचारले होते : परसात तीन झाडांपुरती जागा आहे; जुन्या वाणांपैकी कोणते लावावेत? आम्ही दोघेही मराठीचे अध्यापक. बागाईतीत आमचा अधिकार नाही. परंतु शोध घेऊ लागलो तेव्हा प्रश्न इतिहासाचा, आणि काही अंशी वाङ्मयेतिहासाचाही, असल्याचे ध्यानात आले.

सफरचंदाची बी पेरली तर मूळ झाडासारखे झाड येत नाही. प्रत्येक बी दोन निराळ्या झाडांच्या संकरातून घडलेली असते आणि तिचे फळ कसे निघेल हे सांगता येत नाही. आवडलेला वाण जसाच्या तसा राखायचा तर त्याची काडी दुसऱ्या खुंटावर बांधावी लागते, म्हणजेच कलम करावे लागते. लेखणीला आणि या क्रियेला मराठीत एकच शब्द असावा, हा योग अर्थपूर्ण आहे. जुनी पोथी नकलून घेणारे हात थांबले की पोथी संपते. जुन्या वाणाचेही तसेच.

आमच्या विद्यार्थिनीच्याच परगण्यातील साउथवेल या गावी १८०९ मध्ये मेरी अ‍ॅन ब्रेल्सफर्ड नावाच्या मुलीने सफरचंदाच्या बिया पेरल्या. त्यांतून एक झाड वाढले. १८४६ मध्ये ते घर मॅथ्यू ब्रॅम्ली या खाटकाने विकत घेतले. दहा वर्षांनी हेन्री मेरीवेदर या तरुण रोपवाटिकाकाराने त्या झाडाच्या काड्या मागितल्या. ब्रॅम्लीने त्या दिल्या, पण फळाला आपले नाव द्यावे या अटीवर. शिजवण्याच्या सफरचंदांत इंग्लंडमध्ये सर्वाधिक मान मिळालेला 'ब्रॅम्लीज सीडलिंग' तो हाच.

येथे कर्तृत्व नेमके कोणाचे? पेरणारी विस्मृतीत गेली, मालकाचे नाव फळाला चिकटले आणि ज्याच्या पारखी नजरेमुळे वाण परसाबाहेर पडला तो तळटीपेत राहिला. रचणारा, आश्रयदाता आणि लेखनिक यांच्यातील श्रेयाची वाटणी आपल्या वाङ्मयेतिहासातही पुष्कळदा अशीच झालेली दिसते. १५८४ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध करणाऱ्या एकनाथांचे स्मरण आपण ठेवतो. अनामिक नकलकारांचे ठेवत नाही.

मात्र ही तुलना एका मर्यादेपर्यंतच नेता येते. नकलकाराच्या हातून पाठ बदलतो. कलमात सहसा झाड बदलत नाही, चुकते ती चिठ्ठी. एकाच वाणाला गावोगावी निराळी नावे पडली, तर एकाच नावाखाली निराळे वाण विकले गेले. म्हणून नावाची खातरजमा करणाऱ्या रोपवाटिकेतूनच रोप घ्यावे. केंट परगण्यात ब्रॉग्डेल येथे दोन हजारांहून अधिक सफरचंद-वाणांचा राष्ट्रीय संग्रह आहे. शंकास्थळी ताडून पाहायला तो उपयोगी पडतो.

विद्यार्थिनीच्या मनात आधी 'फ्लॉवर ऑफ केंट' हा न्यूटनच्या झाडाचा वाण होता. पुण्याच्या आयुका संस्थेत त्या झाडाच्या वंशातील कलमे लावली गेली होती. पण पुण्याची हवा त्यांना मानवली नाही, ती टिकली नाहीत. सफरचंदाला हिवाळ्यातील दीर्घ थंडी लागते. तिच्या परसात ही अडचण नाही, पण केवळ कीर्तीसाठी झाड निवडू नये असे आम्हांला वाटले. फळ घरात खाल्ले जाणार असेल तरच पुढच्या पिढीतही कोणीतरी कलम बांधील.

शेवटी आम्ही ब्रॅम्ली सुचवला. त्याचे पराग मात्र निरुपयोगी असतात, म्हणून सोबतीला परस्परांना पराग देऊ शकतील असे आणखी दोन वाण हवेत. 'जेम्स ग्रीव्ह' हा एडिंबराचा वाण रसाळ, पण जरा धक्का लागला की डागाळणारा; दूरच्या वाहतुकीला निरुपयोगी. 'एग्रेमाँट रसेट' ससेक्समधला. साल खरबरीत, तपकिरी, चव मात्र सुक्या मेव्यासारखी. बाजार वाहतूक आणि चकाकी पाहून निवड करतो. परसातल्या माणसाला चव पाहून निवडता येते. जुन्या वाणांना आधार आहे तो या स्वातंत्र्याचा. ब्रॅम्ली फार पसरतो, म्हणून तो ठेंगण्या खुंटावर बांधलेला घ्यावा, हेही कळवले.

साउथवेलच्या मूळ झाडाला बुरशीचा असाध्य रोग जडला आहे. त्याची कलमे ठिकठिकाणी फळत आहेत. त्यांतले एक आता आमच्या विद्यार्थिनीच्या परसात आहे. त्याच्या चिठ्ठीवर ब्रॅम्लीच्या नावाखाली 'मेरी अ‍ॅन ब्रेल्सफर्ड, १८०९' असे लिहावे, एवढी एकच विनंती आम्ही तिला केली होती. तिने ती मान्य केली आहे.