छेदांतील शून्य

एक लहानसें समीकरण ऐका. एका संख्येला, तींतून ३ वजा करून उरणाऱ्या शेषानें भागावें. हें फळ, ३ ला त्याच शेषानें भागून त्यांत २ मिळविल्याइतकें असावें. दोन्ही पक्षांस शेषानें गुणून छेद घालविले, कीं संख्या ३ येते. शाळेंत असतांना मीं हेंच उत्तर लिहिलें आणि पूर्ण गुण मिळविले! परंतु संख्या ३ मानिली, तर शेष शून्य होतो. म्हणजे ज्या छेदानें आपण निर्धास्तपणें गुणिलें, तो छेदच शून्य.

हा पेंच जुनाच आहे. इ. स. ६२८ मध्यें ब्रह्मगुप्तानें शून्य भागिलें शून्य म्हणजे शून्य, असें सांगितलें. नवव्या शतकांत महावीराचार्यांनीं तर शून्यानें भागिलेली संख्या अविकृत राहते, असा निर्णय दिला. दोन्ही मतें टिकलीं नाहींत.

शके १०७२, म्हणजे इ. स. ११५० मध्यें भास्कराचार्यांनीं शून्यच्छेद राशीला ‘खहर’ म्हणून ती अनंत मानिली. पण त्यांची खरी चतुराई ‘लीलावती’तील एका उदाहरणांत दिसते. एका संख्येस शून्यानें गुणावें, त्यांत त्याचेंच अर्ध मिळवावें, तिहींनीं गुणावें, शून्यानें भागावें. ६३ येतात, तर संख्या कोणती? आचार्य सांगतात, शून्यानें गुणिलें म्हणून लगेच शून्य मांडूं नका. पुढें कृत्य उरलें असेल तर तो गुणक तसाच राखून ठेवा. शेवटीं शून्याचाच भागाकार आला, कीं दोहोंचा लोप होतो. उरली संख्येची साडेचारपट. म्हणून उत्तर १४.

पडताळा पाहूं गेल्यास मात्र शून्य भागिलें शून्य येतें, आणि १४ च्या जागीं १५ घातले तरी तेंच! कांहीं अभ्यासकांच्या मतें आचार्यांच्या मनांत शून्याकडे झुकणारी सूक्ष्म राशि असावी. ग्रहगणितांत याचा मोठा उपयोग आहे, असें ते स्वतःच म्हणतात. मला हें मत अर्धेंच पटतें, कारण ग्रंथांतील शब्द शून्य हाच आहे. तथापि शून्याऐवजीं कितीही सूक्ष्म राशि घ्या, उत्तर १४ च येतें, हें नाकारतां येत नाहीं.

माझ्या शाळेंतील ३ ला मात्र ही सवलत नाहीं. ३ च्या कितीही जवळची संख्या घ्या. त्या दोन अपूर्णांकांची वजाबाकी १ च येते, आणि समीकरण मागतें २. त्याला उत्तरच नाहीं.