टाळेबंदी आणि बाळंतपण (हिंगोली जिल्हा)

कोविड-१९ साथीतील संचारबंदीचा गर्भारपण, प्रसूती व नवजात अर्भके यांवर झालेला परिणाम. देशव्यापी टाळेबंदी २५ मार्च २०२० रोजी सुरू झाली. परभणीतून १ मे १९९९ रोजी वेगळ्या झालेल्या हिंगोली जिल्ह्यात (लोकसंख्या ११,७७,३४५, २०११) तेव्हा शासकीय वैद्यकीय महाविद्यालय नव्हते. अडलेल्या बाळंतिणीला नांदेडजवळ विष्णुपुरीच्या शासकीय महाविद्यालयात न्यायचे, तर जिल्ह्याची हद्द ओलांडावी लागे.

वाहतूक : कळा सुरू झाल्यावर १०८ वा १०२ क्रमांकाची गाडी मागवण्याची सोय कायम होती. मात्र महिन्याच्या तपासणीला, सोनोग्राफीला किंवा रक्त तपासायला निघालेल्या बाईची भिस्त एस.टी. आणि काळी-पिवळीवर असते. ती दोन्ही बंद पडली. रक्तक्षय व वाढता रक्तदाब याच तपासण्यांत कळतात, म्हणून प्रस्तुत विषयात रुग्णवाहिकेपेक्षा एस.टी.ला अधिक महत्त्व द्यावे लागते. पहिल्या बाळंतपणाला माहेरी जाण्याची रीतही अडली. सेनगावची सासुरवाशीण रिसोडला जायची, तरी वाशीम जिल्ह्याची हद्द लागे आणि पास काढावा लागे. ई-पासची अट राज्याने २ सप्टेंबर २०२० पासून उठवली.

स्थलांतरित : साखर कारखान्यांवर अडकलेल्या ऊसतोड मजुरांना गावी परतण्याची परवानगी एप्रिलच्या मध्यानंतर मिळाली. टोळीतल्या गरोदर बायकांची नोंद माहेरच्या, सासरच्या की कारखान्याकडच्या आशाताईने ठेवायची, हा प्रश्न जुनाच. टाळेबंदीत तो अधिक बिकट झाला.

चाचणी : प्रतिबंधित क्षेत्रातील, पाच दिवसांत प्रसूती अपेक्षित असलेल्या स्त्रीची लक्षणे नसली तरी चाचणी करावी, असे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने एप्रिल २०२० मध्ये सांगितले. चाचणीअभावी प्रसूती खोळंबू नये, हे सप्टेंबरच्या सूचनेत स्पष्ट लिहावे लागले.

आकडेवारी : सर्वांत तपशीलवार नोंद ‘प्रेगकोविड’ नोंदवहीची आहे. मार्च २०२० ते जानेवारी २०२१ या काळात महाराष्ट्रातील १९ वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांतील ४,२०३ कोविडबाधित गर्भवतींपैकी ३४ दगावल्या (०.८ टक्के). मराठवाड्यात हे प्रमाण ३५१ मध्ये ४, म्हणजे १.१ टक्के होते. राज्यभरातील या नोंदींत अकाली प्रसूती १६.३ टक्के. हे आकडे संसर्गाचे आहेत, टाळेबंदीचे नव्हेत. दोहोंची गल्लत अनेक लेखांत आढळते. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीतील हिंगोलीचे आकडेही येथे लागू पडत नाहीत, कारण महाराष्ट्रातील पाहणी २०१९ मध्येच आटोपली होती. राज्याचा मातामृत्यू दर (लाख जिवंत जन्मांमागे) २०१८–२० मधील ३३ वरून २०१९–२१ मध्ये ३८ झाला.

अन्यत्र : नेपाळमधील नऊ रुग्णालयांत टाळेबंदीत प्रसूती निम्म्याहून कमी झाल्या, मृतजन्म हजारी १४ वरून २१ वर, नवजात मृत्यू १३ वरून ४० वर गेले. याउलट २६ देशांतील ५.२ कोटी जन्मांच्या अभ्यासात (२०२३) टाळेबंदीच्या पहिल्या तीन महिन्यांत अकाली प्रसूती ३ ते ४ टक्के घटल्या. ही घट मुख्यत्वे संपन्न देशांतली. कारणांबाबत एकमत नाही. हिंगोलीची परिस्थिती नेपाळला जवळची मानणे योग्य.

लसीकरण : गर्भवतींना २ जुलै २०२१ पासून परवानगी.

हिंगोलीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला २०२४ मध्ये मान्यता मिळाली.